तुळशीचं पाणी पितो, पवईचं का नाही?

जुलै उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत तलावांच्या आकड्यांचा एक कोपरा ठरलेला असतो. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. त्यातला तुळशी लहान, म्हणून बहुधा लवकर भरतो. सांडव्यावरून पाणी पडतानाचा त्याचा फोटो छापून येतो आणि घरोघरी 'चला, यंदा पाणीकपात नको' असा सुस्कारा सुटतो. आकडे बघितले तर त्या फोटोत सुस्कारा सोडण्याजोगं फारसं काही नसतं. सातही तलाव मिळून १४,४७,३६३ दशलक्ष लिटर पाणी साठतं. त्यात तुळशीचा वाटा ८,०४६ दशलक्ष लिटर, म्हणजे शेकडा अर्ध्याच्या जरा वर. शहराला रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी पुरवलं जातं, त्यात तुळशीचं पाणी असतं १८ दशलक्ष लिटर.

तरीही या सातांत मला सगळ्यात जास्त शिकवून जाणारा तलाव तुळशीच वाटतो. त्याचं कारण त्याच्या दक्षिणेला सातेक किलोमीटरवर आहे: पवई.

दोघांची माहिती शेजारी शेजारी मांडून बघा. तुळशी १८७९ मध्ये बांधून झाला, पवई १८९० मध्ये. दोन्ही साष्टी बेटाच्या, म्हणजे मुंबईची उपनगरं ज्यावर वसली त्या बेटाच्या, त्याच डोंगररांगेत, त्याच काळ्या खडकावर, दोघांवर पाऊसही जवळपास सारखाच. पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथे पडलेला पाऊस उताराने त्या तलावात येतो ती सगळी जमीन, तुळशीची ६.७६ चौरस किलोमीटर आणि पवईची ६.६१. फरक नगण्य. पण तुळशीचं पाणी शुद्ध करून आपण पितो, आणि पवईचं महापालिका पिण्यासाठी वापरतच नाही. ते आरे दुग्धवसाहत आणि उद्योगांच्या वापरापुरतं. बांधला होता तोही पिण्याच्याच पाण्यासाठी.

मग सव्वाशे-दीडशे वर्षांत या दोघांचं असं का झालं? याचं बरंचसं उत्तर पाण्याच्या काठावर आणि काठापलीकडच्या झाडोऱ्यात आहे. तलावाचं पाणी कसं असेल ते बहुतांशी ठरतं ते तलावात पोहोचण्याआधी. हा लेख त्या आधीच्या प्रवासाचा.

पावसाचा हिशेब

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटर जमिनीवर एक लिटर पाणी. एवढं एक लक्षात ठेवलं की तलावांचं सगळं गणित घरी बसून करता येतं. तुळशीच्या पाणलोटात ६७ लाख ६० हजार चौरस मीटर जमीन आहे. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर ६७ लाख ६० हजार लिटर पाणी आलं. मुंबईच्या उपनगरांत वर्षभरात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, तो धरला तर १,६९० कोटी लिटर. तलावात मावतं ८०४ कोटी ६० लाख लिटर. म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या निम्म्याहून कमी पाण्यात तुळशी भरतो.

खर्चाची बाजू बघा. रोज १८ दशलक्ष लिटर म्हणजे एक कोटी ऐंशी लाख लिटर. वर्षाचे झाले ६५७ कोटी. शिवाय ऊन आपला वाटा घेतंच. भरलेल्या तुळशीचा पृष्ठभाग १.३५ चौरस किलोमीटर आहे. कडक उन्हाच्या दिवसात पाण्याची पातळी नुसत्या बाष्पीभवनाने पाच मिलिमीटर उतरते असं धरलं, तर एका दिवसात साडेसदुसष्ट लाख लिटर हवेत गेले. हिशेब जेमतेम जुळतो. एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल, एवढीच या तलावाची ऐपत.

हा सगळा पाऊस चार महिन्यांत येतो आणि त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्याच दिवशी कुलाब्याला झाला ७४. डोंगराच्या बाजूला पाऊस किती अंगावर येऊ शकतो, हे त्या दिवसाने दाखवलं. अशा वेळी पाणी किती आलं यापेक्षा ते कोणत्या वेगाने आलं आणि येताना काय घेऊन आलं, हे तलावाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

थेंब जमिनीला लागण्याआधी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. तुळशी आणि विहार दोन्ही त्यातच येतात, आणि दोन्हीकडे सर्वसामान्यांना जायला बंदी आहे. हे जंगल पानझडीचं, दमट. साग, ऐन, कळंब, काटेसावर, पळस, पांगारा, खैर, बांबू. ओढ्यांच्या कडेला करंज, जांभूळ, उंबर, आणि झाडांखाली उतारावर कारवीच कारवी.

भर पावसात अशा उतारावर नेमकं काय होतं ते वरून खाली बघत जाऊ. सर कोसळते ती आधी सागाच्या नाही तर ऐनाच्या पानांवर. थेंबाचा जोर तिथे मोडतो. काही पाणी पानांवरच राहतं आणि सर थांबली की तिथूनच उडून जातं. काही फांद्यांवरून खोडाकडे वळतं आणि साल भिजवत बुंध्याशी उतरतं. बाकीचं पानांच्या टोकांवरून खाली टपकतं. उंच झाडाच्या मोठ्या पानावरून पडणारा थेंब चांगलाच टपोरा असतो, खाली मोकळी माती असेल तर तोही खड्डा पाडतो. म्हणून झाडाइतकंच झाडाखाली काय आहे ते मोलाचं.

इथे कारवी येते. पुरुषभर उंचीची, सरळसोट काठ्यांची ही झुडपं इतकी दाट वाढतात की उतारावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. पानं मोठी, खरखरीत, एकावर एक आलेली. कुडाच्या भिंतींना गावोगाव कारवीच्याच काठ्या वापरतात, त्यामुळे कोकणातल्या माणसाला ती नवी नाही. पण तिचं उतारावरचं काम फार कमी जणांनी पाहिलेलं असतं. वरून टपकलेला थेंब कारवीच्या पानावर दुसऱ्यांदा मोडतो. खाली तिच्या मुळांचं जाळं मातीला धरून असतं. सात-आठ वर्षांतून एकदा सगळी कारवी एकदम फुलते, डोंगर जांभळा होतो, मग बी धरून ही झुडपं एकदमच मरतात. २०१६ मध्ये उद्यानात असा बहर आला होता. अशा बहरानंतर वाळक्या काठ्या तशाच उभ्या राहतात आणि पुढच्या पावसात त्यांच्या पायाशी नवी रोपं वर येतात, म्हणून उतार उघडा पडत नाही.

कारवीच्या खाली पालापाचोळा. सगळ्यात वर गेल्या वर्षीची अख्खी, कडकडीत पानं. ती बाजूला केली की अर्धवट कुजलेली, नुसत्या शिरा उरलेली. त्याखाली काळपट, ओलसर, बोटांत चुरगाळता येईल असा थर, ज्यात पान कुठलं आणि माती कुठली ते सांगता येत नाही. त्यात वाळवी, गांडुळं, पैसा किडे (वाणी) आणि बुरशीचे पांढरे धागे. हे सगळे जीव मातीत बारीक बारीक बोगदे करून ठेवतात. कुजलेल्या मुळांच्या जागीही पोकळ्या राहतात. पावसाचं पाणी या भोकांतून आत उतरतं आणि उताराच्या दिशेने मातीतल्या मातीत सरकत ओढ्याकडे जातं. वरून धावणारं पाणी तासाभरात ओढ्यात पोहोचलं असतं, मातीतून जाणाऱ्याला दिवस लागतात, कधी आठवडे. आणि वाटेत माती त्यातला गाळ धरून ठेवते.

उघड्या जमिनीवर याच्या उलट होतं. थेंब आपटतो, मातीचे कण उडवतो, ते कण जमिनीवरची बारीक भोकं बुजवतात आणि एक घट्ट पापुद्रा तयार होतो. मग आत शिरायला वाटच न उरल्यामुळे पाणी वरूनच धावतं आणि माती सोबत नेतं. तलावात जाऊन ती बसते. गाळाने तलाव उथळ होतो, आणि उथळ झालेल्या तलावाचं पुढे काय होतं ते पवईच्या वेळी बघू.

जंगल म्हणजे पाण्याचा कारखाना असं सरसकट म्हटलं जातं, ते मला पटत नाही. झाडं पाणी तयार करत नाहीत, पितात. मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन जातं, आणि दाट जंगलात हा खर्च मोठा असतो. त्याच डोंगरावर सिमेंट ओतलं तर वर्षभरात तलावाकडे जाणारं एकूण पाणी कदाचित वाढेलच. पण ते येईल जुलैच्या चार धुवांधार दिवसांत, चिखल घेऊन, आणि सांडव्यावरून निघूनही जाईल. जंगल आपल्याकडून थोडं पाणी घेतं आणि बदल्यात उरलेलं स्वच्छ करून, सावकाश सोडतं. हा सौदा तलावासाठी फार फायद्याचा आहे.

खडक आणि कान्हेरीच्या टाक्या

या मातीखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्याचा आणि त्याच्या राखेचा, तुकड्यांचा बनलेला. अखंड पाषाणातून पाणी जात नाही; ते जातं त्याच्या सांध्यांतून, भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरुमातून. मुरुमाचा थर डोंगरावर पातळ. त्यामुळे इथल्या जमिनीची पाणी साठवायची ताकद मर्यादित आहे, आणि उद्यानातले बरेच ओढे उन्हाळ्यात आटतात.

ही गोष्ट आपल्याआधी कितीतरी शतकं कुणाच्या तरी नीट ध्यानात आली होती. तुळशीजवळच कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून जास्त. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आसपास सुरू झालेली ही वसाहत हजारेक वर्षं नांदती होती. तिथल्या भिक्खूंनी जवळपास प्रत्येक लेण्याच्या दाराशी कातळात टाकी खोदली. तोंड लहान, आत पोट मोठं, म्हणजे ऊन कमी लागतं आणि पाणी उडून जात नाही. कातळाच्या माथ्यावर बोटभर रुंदीच्या पन्हळी कोरून पावसाचं पाणी त्या तोंडापर्यंत आणलं. लेण्यांतल्या शिलालेखांत लेण्यांसोबत पाण्याच्या टाक्यांचं दानही नोंदलेलं आहे. पुढच्या वेळी कान्हेरीला गेलात तर मोठ्या चैत्यगृहासमोर फोटो काढून झाल्यावर वरच्या अंगाच्या लेण्यांकडे जा आणि पायाखालच्या या पन्हळी बघा. खडक पाणी धरत नाही म्हणून खडकालाच भांडं केलं, हे मला त्या कोरीव मूर्तींइतकंच मोठं काम वाटतं.

इंग्रजांच्या काळात केलं ते याचंच मोठं रूप. त्याआधी मुंबई बेट विहिरींवर आणि धोबी तलाव, गोवालिया टँक अशा तळ्यांवर जगत होतं. आता तळी बुजली, नावं राहिली. ती पुरेनाशी झाली तेव्हा १८५६ मध्ये विहारचं काम सुरू झालं आणि १८६० च्या सुमारास नळाचं पाणी शहरात आलं. त्यानंतर तुळशी. महापालिकेच्या मोजणीत भरलेल्या तुळशीची पातळी १३९ मीटर आहे, विहारची ८० मीटर. तुळशी उंचावर असल्यामुळे त्याचं पाणी उताराच्याच बळावर शहरातल्या उंच भागांपर्यंत नेणं सोपं झालं. तुळशी भरून वाहिला की पाणी विहारमध्ये येतं, आणि विहार वाहिला की ते मिठी नदीत जातं.

झाडांचं वेळापत्रक

पानझडीच्या जंगलाचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते वेळेबद्दल. थंडी सरता सरता साग पानं टाकायला लागतो. मार्च-एप्रिलपर्यंत निम्मं जंगल उघडंबोडकं. बाहेरच्याला वाटतं, जंगल वाळलं. झाडाने खर्च थांबवलेला असतो. मातीत पाणी नाही, तर पानांतून वाफ का म्हणून घालवायची? नेमक्या याच महिन्यांत तलावाची पातळीही खाली खाली जात असते. म्हणजे पाणी कमी असताना जंगलही कमी पितं.

ऐन तर खोडातही पाणी राखून ठेवतो. चौकोनी भेगा पडलेल्या जाड सालीचा हा वृक्ष उद्यानात जागोजाग आहे. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वन कर्मचाऱ्यांनी ऐनाच्या खोडावरच्या फुगवट्याला छेद दिला आणि पाण्याची धार लागली, तो व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला असेल. ही माहिती त्यांना तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींनी दिली होती. आपण मात्र असल्या फुगवट्याला हात लावू नये. ते पाणी त्या झाडाच्या उन्हाळ्याचं आहे.

मग येतो पहिला पाऊस, आणि तलावाच्या दृष्टीने वर्षातला सगळ्यात नाजूक काळ. जमीन तापून भेगाळलेली, झाडांवर पानं अजून पुरती आलेली नाहीत, आणि सरी मात्र जोरदार. इथे जमिनीखाली कंद धरून बसलेल्या वनस्पती धावून येतात. शेवळं तर पावसाची चाहूल लागताच वर येतात. जूनमध्ये बोरिवली-दादरच्या बाजारात पालघर-ठाण्याच्या आदिवासी बायका त्यांच्या जुड्या घेऊन बसतात. भाजी करताना घसा खाजू नये म्हणून सोबत काकडं, म्हणजे काकड या रानझाडाची आंबट फळं, घ्यायची असतात. शेवळ्याचं फूल आधी येतं आणि छत्रीसारखं पसरणारं पान नंतर. रानहळद, फोडशी, टाकळा, पाठोपाठ तेरडा, कुर्डू, सोनकी. दोन-तीन आठवड्यांत उघडी जमीन झाकली जाते. चार महिन्यांत वाढायचं, फुलायचं, पुढच्या वर्षाची शिदोरी कंदात नाही तर बियांत भरायची आणि दिसेनासं व्हायचं.

याच कारणाने उन्हाळ्यातला वणवा तलावाला महाग पडतो. आगीत मोठी झाडं बहुतेक तगतात. जळतो तो पालापाचोळा आणि कोवळी रोपं, म्हणजे पहिल्या पावसाला अडवणारं सगळं. राख आणि मोकळी माती पहिल्याच सरीत ओढ्यात उतरते. उन्हाळ्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, म्हणजे गवत-पाला साफ करून मोकळे पट्टे आखून ठेवतं, ते आग पुढे सरकू नये म्हणून.

तलावाच्या पोटात

आता पाण्यात उतरू. वरून सपाट दिसणारा तलाव आत थरांचा असतो. बादलीत गार पाण्यावर अलगद कढत पाणी ओतलं, तर वरचं कढत आणि खालचं गार बराच वेळ वेगळं राहतं, कारण गरम पाणी हलकं असतं. उन्हाळ्यात तलावात हेच होतं. वरच्या थराला सूर्यप्रकाश आणि हवेतला प्राणवायू मिळतो. खालच्या थराला दोन्ही मिळत नाही, आणि वरून मेलेलं शेवाळ, पानं, मासे सगळं त्याच्याकडेच बुडत असतं. ते कुजवणारे जिवाणू खालचा प्राणवायू संपवतात. मुळात पाण्यात प्राणवायू असतो तरी किती? तीस अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम. संपायला वेळ लागत नाही.

तळाशी कुजायला किती जातं ते वर किती उगवतं यावर अवलंबून, आणि वर किती उगवतं ते खतावर. गोड्या पाण्यात सूक्ष्म शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसपाशी अडते. शेवाळाच्या कोरड्या वजनात फॉस्फरस साधारण एक टक्का असतो. म्हणजे एक ग्रॅम फॉस्फरस आला की शंभर ग्रॅम सुकं शेवाळ उगवायची सोय झाली. रानातल्या मातीला हे ठाऊक असल्यागत ती फॉस्फरस सहजी सोडत नाही. तो लोहाशी बांधलेला असतो, आणि काळ्या पाषाणाच्या मातीत लोह भरपूर. जो थोडा मोकळा होतो तो बुरशी आणि मुळं मिळून शोषून घेतात, पानांत घालतात, पानं पडली की पुन्हा काढून घेतात. हा फेरा जंगलात इतका बंदिस्त असतो की ओढ्यापर्यंत फार थोडं पोहोचतं. तुळशीचं पाणी शेवाळापासून जे वाचतं ते या कंजुषीमुळे.

तुळशीचं पाणीही थेट नळाला जोडत नाहीत, हे सांगायला हवं. जंगलातल्या पाण्यात जनावरांची विष्ठा असते, जिवाणू असतात, पहिल्या पावसात पानांचा तपकिरी अर्क असतो. ते गाळून, क्लोरिन देऊन पुढे सोडतात. पण मूळ पाणी जितकं निर्मळ तितकी तुरटी कमी, क्लोरिन कमी. घाणीने भरलेल्या पाण्यात क्लोरिन आधी त्या घाणीवरच खर्च होतं, आणि त्यातून नको ती संयुगंही तयार होतात.

आणि पवई

पवईचा पाणलोट जंगलाच्या कुंपणाबाहेर राहिला. डोंगर खाणींनी पोखरले, उतारांवर रस्ते, इमारती, वस्त्या आल्या. आधी आला गाळ. पवईची साठवण क्षमता ५४५ कोटी ५० लाख लिटर आणि पृष्ठभाग २.२३ चौरस किलोमीटर सांगितला जातो. भागाकार केला तर सरासरी खोली येते अडीच मीटरच्या आसपास. हाच भागाकार तुळशीचा केला तर सहा मीटर. म्हणजे पवई मुळातच पसरट ताटली, त्यात गाळाची भर. उथळ पाणी लवकर तापतं, तळापर्यंत उजेड पोहोचतो आणि वनस्पतींना काठापासून आत आत सरकायला जमीन मिळते.

मग आलं सांडपाणी. मैला आणि धुण्याच्या पाण्यात फॉस्फरस, नायट्रोजन मुबलक. रानात जे कणाकणाने मिळायचं ते नाल्यांतून बाराही महिने येऊ लागलं. पवईत आज जी हिरवळ दिसते ती या खतावर पोसलेली आहे. तिचा मोठा भाग जलपर्णीचा.

जलपर्णीचं एक रोप हातात घेऊन बघण्यासारखं असतं. देठाचा बुडाकडचा भाग फुगीर आणि आत हवेच्या पोकळ्यांनी भरलेला, त्यावर ती तरंगते. खाली काळपट, झुपकेदार मुळं पाण्यातच लोंबतात, मातीची गरजच नाही. फूल फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती शोभेची म्हणून जगभर नेली गेली, ती या फुलासाठीच. अनुकूल पाण्यात ती आडव्या धुमाऱ्यांनी एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिचा जाड थर पसरला की खाली उजेड जात नाही, पाण्यातल्या बुडालेल्या वनस्पती मरतात, हवा आणि पाणी यांची गाठ पडत नाही. मासे गुदमरतात. पवईतल्या मगरींना तापायला काठ हवा, शिकारीला मोकळं पाणी हवं, दोन्ही आक्रसतं.

जलपर्णी पाण्यातला फॉस्फरस शोषून घेते हे खरं. म्हणून 'राहू द्या, पाणी शुद्ध होतंय' असंही ऐकू येतं. ती तिथेच मेली तर शोषलेलं सगळं पाण्यात परत जातं, वर कुजताना प्राणवायू खाते. ती काढायलाच लागते, आणि महापालिका यंत्रांनी ती काढतेही. नाले येत राहिले तर काढलेल्या जागी पुन्हा उगवणार, हे उघड आहे. नाल्यांचं पाणी तलावात येण्याआधीच वळवणं ही पहिली पायरी, तिच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ.

पण नाले उद्या बंद झाले तरी पवई लगेच निवळणार नाही, आणि याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. इतक्या वर्षांचा फॉस्फरस तळाच्या गाळात लोहाशी बांधून बसला आहे. गाळाजवळ प्राणवायू असेतोवर तो बांधलेलाच राहतो. उन्हाळ्यात तळचा प्राणवायू संपला की लोहाची पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात मिसळतो. त्यावर शेवाळ वाढतं, ते मरून तळाशी कुजतं, प्राणवायू आणखी घटतो, आणखी फॉस्फरस सुटतो. बाहेरून काहीही न येता तलाव स्वतःलाच खत घालत राहतो, असं कित्येक वर्षं चालू शकतं. त्यामुळे नाले वळवल्यावर गाळ काढणं किंवा तळापर्यंत हवा पोहोचवणं ओघानेच येतं. आणि काढलेल्या जलपर्णीचे ढीग काठावर ठेवून चालत नाही. तिच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ते उन्हात उडून जातं. उरलेल्या सुक्या चोथ्यात सगळा फॉस्फरस असतो आणि पहिल्या पावसात तो उताराने तलावातच परत येतो. ते ढीग पाणलोटाच्या बाहेर, खत करायला न्यायला हवेत, आणि तेही जून लागायच्या आत.